स्पेनचे हॅब्सबर्ग: घरातल्या घरात लग्नं आणि एका घराण्याचा शेवट

१ नोव्हेंबर १७०० रोजी माद्रिदमध्ये स्पेनचा राजा दुसरा कार्लोस वारला. वय ३८, लग्नं दोन, मूल एकही नाही. लहानपणी तो उशिरा बोलायला लागला, उशिरा चालायला लागला. जबडा इतका पुढे आलेला की घास नीट चावता येत नसे. लोक त्याला ‘भारलेला’ म्हणत, आणि कुणीतरी करणी केली आहे असं धरून शेवटच्या वर्षांत ती उतरवण्याचे धर्मगुरूंचे विधीही झाले. करणी झाली होती खरी, पण ती त्याच्या आजोबा-पणजोबांनी केलेली, तीही पोपच्या सहीशिक्क्यानिशी.

कार्लोसचं हॅब्सबर्ग घराणं वाढलं ते लढायांपेक्षा लग्नांनी. १४७७ साली मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीशी लग्न केलं आणि नेदरलँड्स घरात आलं. १४९६ साली त्यांच्या मुलाला, फिलिपला, स्पेनची हुआना केली. पुढे तिची वडील भावंडं मरत गेली आणि स्पेन तिच्या वाट्याला आला. मुलगी आणली की मुलूख येतो, हे घराण्याला पाठ झालं. मग आपली मुलगी बाहेर दिली तर आपला मुलूखही बाहेर जाईल, ही धास्ती आलीच. १५५६ मध्ये हुआनाच्या मुलाने, पाचव्या चार्ल्सने, स्पेन आपल्या मुलासाठी, दुसऱ्या फिलिपसाठी, सोडला, ऑस्ट्रिया भावाकडे राहिलं, आणि तिथून पुढे दोन्ही शाखा एकमेकींतच मुली देत-घेत राहिल्या. त्यात उत्तर युरोप बराचसा प्रोटेस्टंट झालेला. कॅथलिक, शिवाय तोलामोलाची, अशी स्थळं उरली किती? जवळच्या नात्यातल्या लग्नाला चर्चचा मज्जाव होता, पण पोपची खास परवानगी काढता येई. राजांना ती सहसा मिळेच.

पोर्तुगालच्या राजघराण्याशीही असंच चाललं होतं. दुसऱ्या फिलिपची आई तिथली, पहिली बायकोही तिथलीच, आणि ती एकाच वेळी त्याची मामेबहीण आणि आतेबहीण. त्यांच्या मुलाला, डॉन कार्लोसला, पणजी-पणजोबा आठाऐवजी चारच. १५८० साली पोर्तुगालची गादी रिकामी झाली तेव्हा फिलिपने आईच्या नात्याने हक्क सांगितला, सैन्य घालून तो बसवला, आणि १६४० पर्यंत गोवा-वसईचे मालकही हॅब्सबर्गच होते. (मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली ती १६६१ च्या लग्नकरारात. आपल्या कार्लोसचा जन्मही त्याच सालचा.)

मामाची मुलगी करणं महाराष्ट्रात अनेक समाजांत चालतं, दक्षिणेत मामा-भाचीचं लग्नही नवलाचं नाही. तेव्हा एवढ्यावर दचकायचं कारण नाही. असं एखादं लग्न झालं आणि पुढची सून बाहेरची आली की गुंता सुटतो. इथे तो सुटूच दिला नाही.

स्पेनच्या राजांपैकी दोघांनी सख्ख्या भाचीशी लग्न केलं, आणि दोघीही मुळात राजाच्या मुलासाठी पाहिलेल्या. दुसऱ्या फिलिपची भाची आना, तिचं बोलणं त्याच्या मुलासाठी, डॉन कार्लोससाठी चाललं होतं. तो १५६८ मध्ये वारला, आणि १५७० मध्ये बापानेच तिच्याशी लग्न केलं. मारियानाचं लग्न तर बाल्तासार कार्लोसशी ठरलेलंच होतं. तो १६४६ मध्ये गेला. तीन वर्षांनी त्याचा बाप चौथा फिलिप, वय ४४, चौदा वर्षांच्या भाचीचा नवरा झाला. दुसरा कार्लोस हा या दोघांचा मुलगा.

स्पॅनिश संशोधकांनी २००९ मध्ये या वंशावळीचा हिशेब मांडला. अकरा लग्नांपैकी नऊ नात्यातली निघाली. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता आते-मामे भावंडांच्या मुलात सव्वासहा टक्के असते, मामा-भाचीच्या मुलात साडेबारा, सख्ख्या भावाबहिणीच्या मुलात २५. कार्लोसची भरली २५.४. हुआनाच्या नवऱ्याची होती अवघी २.५. १५२७ ते १६६१ या काळात या घरात ३४ मुलं जन्मली. त्यातली दहा पहिल्या वर्षातच गेली, आणि वयाची दहा वर्षं सतरांनीच पुरी केली. बाळं तेव्हा गावोगावी दगावत, पण एवढी नाही.

तरी हा हिशेब प्रत्येकाला सारखा लागत नाही. दरबारी चित्रकार वेलाझ्केझच्या १६५६ च्या ‘लास मेनिनास’ या चित्रात मधोमध उभी असलेली, पिंगट केसांची मुलगी म्हणजे कार्लोसची थोरली सख्खी बहीण मार्गारीता. आईबाप तेच, टक्केवारी तीच, पण भावाची दुखणी तिच्यात नव्हती. लपलेला दोष कुणाच्या पदरात पडेल, हे नशिबावर. १६६६ मध्ये तिचंही लग्न सख्ख्या मामाशी, ऑस्ट्रियाच्या शाखेतल्या सम्राट लिओपोल्डशी, लावलं. लग्नानंतरही ती त्याला मामाच म्हणे असं सांगतात. एकविसाव्या वर्षी ती गेली. चार मुलांतली एकच मुलगी जगली. तिची टक्केवारी तर तिशीच्या वर. त्या मुलीच्या मुलाला कार्लोसने वारस नेमलं होतं, तोही १६९९ मध्ये सहाव्या वर्षी वारला.

मग मरणाच्या महिनाभर आधी कार्लोसने सगळं राज्य फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाला लिहून दिलं, आणि १७०१ ते १७१४ युरोपभर युद्ध पेटलं. जिब्राल्टर इंग्रजांकडे गेलं ते त्यातच. नातवाचा हक्क आला होता आजीकडून, कार्लोसच्या सावत्र बहिणीकडून, मारिया तेरेसाकडून. १६१५ मध्ये स्पेन आणि फ्रान्स यांनी सीमेवरच्या बिदासोआ नदीत एकमेकांच्या राजकन्यांची अदलाबदल केली होती. सरळसरळ साटंलोटं. त्यातल्या एका जोडप्याचा मुलगा लुई, दुसऱ्याची मुलगी मारिया तेरेसा, आणि १६६० मध्ये या दोघांचं एकमेकांशी लग्न लावलं होतं.