अर्धी गोळी

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या मावशीच्या उशाशी, तांब्याभांड्याशेजारी, अल्प्राझोलामची, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळीची पट्टी असते. काका गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी, त्याला अकरा वर्षं झाली. "अर्धीच घेते गं," ती म्हणते. गोळीचे तोटे तिला ठाऊक आहेत. गेल्या पावसाळ्यात पहाटे बाथरूममध्ये तोल गेला, तेव्हापासून धास्तीही आहे. तरी रात्री दहाला हात पट्टीकडे जातोच.

ही ओढाताण मोजता येते. ब्रिटनमधले रॉबर्ट हॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये औषधांविषयीच्या समजुतींची एक प्रश्नावली मांडली. त्यातली पाच विधानं औषधाची गरज किती वाटते याची, पाच त्याच्या तोट्यांची काळजी किती वाटते याची. प्रत्येक विधान जितकं पटेल तितके जास्त, १ ते ५ गुण. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून मी तशाच प्रश्नांवर मावशीला बोलतं केलं. गरज २२, काळजी १९. वजाबाकी ३. पण ८ आणि ५ गुण देणाऱ्याचीही वजाबाकी ३ च येते! त्याला गोळीचं फारसं काहीच वाटत नाही, मावशी मात्र दोन्हीकडून ताणली गेलीय. म्हणून नुसत्या वजाबाकीवर विसंबू नये, दोन्ही आकडे बघावेत असं मला वाटतं.

गरजेचे २२ आले कुठून? मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम ही गोळी वाढवते. रोज घेतली की मेंदू तिला सरावतो. एखाद्या रात्री चुकली की झोप आधीपेक्षाही जास्त उडते. माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय माझं चालत नाही. खरं तर ती तळमळ बऱ्याचदा गोळी अचानक सुटल्याची असते. मात्र म्हणून एकदम थांबवायची नाही, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांमागून आठवडे, हळूहळू कमी करायची.

तिसरा आकडा आत्मविश्वासाचा, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला जमेल याच्या खात्रीचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही कल्पना साधारण ० ते १०० वर मोजतात, आणि प्रश्न नेमका विचारावा लागतो. "गोळी कमी करू शकशील?" याला मावशीने ६० दिले. "दोन रात्री झोप लागली नाही, तरीही?" १०.

कॅनडातल्या कारा टॅनेनबॉम यांच्या गटाने अशा गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या ३०३ वृद्धांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला घरपोच पुस्तिका दिली: स्वतःची समजूत तपासणारे प्रश्न, गोळी सोडलेल्या एका बाईची हकिगत, मात्रा कशी उतरवायची याचं चित्रांचं वेळापत्रक. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या २७ टक्क्यांनी गोळी थांबवली. पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. मला त्यातलं वेळापत्रक सगळ्यात मोलाचं वाटतं. भीती तर मावशीकडे आधीच होती, वाट नव्हती.

डॉक्टरांनी तिला तसंच वेळापत्रक कागदावर काढून दिलंय, ते फ्रिजवर लावलंय. परवा तो दुसरा प्रश्न पुन्हा विचारला. जरा वेळ विचार करून म्हणाली, "चाळीस लिही."