बॅजरचा दाढीचा ब्रश: एका नावामागचा इतिहास

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात दाढीचा ब्रश मागितला की बहुतेक वेळा प्लास्टिकच्या मुठीचा, राठ केसांचा ब्रश पुढ्यात येतो. केस गळायला लागले की तसाच दुसरा आणायचा, ही घरोघरची रीत. पण फोमचा डबा आणि कार्ट्रिजचा रेझर सोडून पुन्हा एका ब्लेडच्या रेझरकडे आणि साबणाच्या वडीकडे वळणाऱ्यांची संख्या आता दिसण्याइतकी आहे. रेझर झाला, साबण झाला, की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चांगला ब्रश घ्यायचा तर बॅजर या प्राण्याच्या केसांचाच का? याचं उत्तर इतिहासात आहे. बॅजरचं नाव जसं मोठं होत गेलं, तशीच त्याची नक्कलही वाढत गेली.

वस्तरा फार प्राचीन, पण ब्रश त्या मानाने कालपरवाचा. अठराव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समध्ये तो रुळला. त्याआधी साबण हाताने नाहीतर स्पंजने चेहऱ्यावर चोळत. बॅजर हा युरोप-आशियात बिळं करून राहणारा निशाचर प्राणी. त्याच्या अंगावरचे लांब केस मधे जाड आणि टोकाला निमुळते असतात. मधला भाग ताठ राहतो म्हणून साबण घुसळला जातो आणि टोकं गालाला मऊ लागतात. केसांच्या झुबक्यात पाणीही भरपूर मावतं, त्यामुळे फेस लवकर आणि दाट होतो. डुकराचे केस जाडेभरडे. ते स्वतःच पाणी शोषतात, म्हणून आधी भिजवावे लागतात, आणि वापरून टोकं फाटली की मऊ होतात. घोड्याचे केस या दोहोंच्या मधले, आणि स्वस्त. नक्कल सुरू झाली ती इथूनच.

ब्रश घराघरांत जायला सेफ्टी रेझर कारणीभूत ठरला. 1903 साली किंग जिलेट या अमेरिकी उद्योजकाच्या कंपनीने असे जेमतेम 51 रेझर विकले. पहिल्या महायुद्धात मात्र अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी लाखोंनी रेझर घेतले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी नको, त्यामुळे दाढीचं सामान सैनिकाच्या पिशवीत आलं आणि ब्रशची मागणी एकाएकी वाढली.

त्या ब्रशांनी माणसं मारली. युद्धाआधी रशिया आणि चीनकडचे केस बरेचसे जर्मनीमार्गे येत. तिथे ते निवडून, निर्जंतुक होऊन पुढे जात. युद्धात तो रस्ता बंद पडला आणि कच्चा माल थेट ब्रिटन-अमेरिकेत उतरू लागला. त्यातल्या घोड्याच्या केसांत ॲन्थ्रॅक्सचे, म्हणजे काळपुळीचे, बीजाणू होते. दाढी करताना त्वचेला लागलेल्या बारीकशा कापातून ते आत शिरत. गालावर किंवा मानेवर पुळी उठे, तिच्या मधोमध काळी खपली धरे, आजूबाजूला सूज पसरे. 1915 ते 1924 या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिक व नागरिक मिळून दोनशेहून अधिक जणांना ही लागण झाल्याच्या नोंदी आहेत. या ब्रशांपैकी अनेक घोड्याच्या केसांना बॅजरसारखा रंग देऊन बनवलेले होते. चांगल्या मालाचं नाव लावून वाईट माल विकल्याची याहून भीषण किंमत दाढीच्या इतिहासात कुणी मोजलेली नाही. न्यूयॉर्क शहराने 1920 मध्ये घोड्याच्या केसांच्या ब्रशवर बंदी घातली, आणि केस निर्जंतुक करण्याचे नियम हळूहळू कडक झाले. मुंबईच्या चोरबाजारात एखादा शंभर वर्षांपूर्वीचा ब्रश आवडला, तर कपाटात शोभेला ठेवावा; गालाला लावू नये.

त्यानंतर ब्रशला उतरती कळा लागली. 1925 मध्ये अमेरिकेत बर्मा-शेव्ह हे बिनब्रशचं क्रीम आलं, 1950 च्या आसपास दाबल्याबरोबर फेस देणारे डबे आले, 1971 मध्ये दोन पात्यांचा कार्ट्रिज रेझर आला. आपल्याकडे मात्र ट्यूबमधलं क्रीम बोटभर घेऊन ब्रशने फेस करायची सवय घरातही टिकली आणि सलूनमध्येही. म्हणून आपल्याकडचा माणूस चांगल्या ब्रशकडे वळतो, तेव्हा त्याला फेस करायला नव्याने शिकावं लागत नाही; हातातलं साधन तेवढं बदलतं.

प्राण्याचा प्रश्न बाजूला ठेवून ही निवड करता येणार नाही. ब्रिटनमध्ये बॅजरला 1973 पासून कायद्याचं संरक्षण आहे, आणि 1992 च्या कायद्याने ते एकत्र व पक्कं केलं. त्यामुळे नामांकित इंग्रजी ब्रशातसुद्धा केस बहुधा चीनमधून आलेले असतात. तिथे बॅजर कसे पिंजऱ्यात ठेवले जातात आणि मारले जातात, याची चित्रफीत पेटा एशिया या प्राणीहक्क संस्थेने 2018 मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंगसाची अशीच गत आहे. वन्यजीव कायद्याचं संरक्षण असूनही चित्रकलेच्या ब्रशांसाठी त्याची शिकार होते आणि अधूनमधून छाप्यांत माल सापडतो. हे कळल्यावर केसाच्या मऊपणाचं कौतुक माझ्या तोंडून पूर्वीसारखं निघत नाही.

तरीही ज्यांना बॅजरच घ्यायचा आहे, त्यांनी प्रतीच्या नावांवर विसंबू नये. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही नावं चढत्या क्रमाने लावली जातात, पण त्यांना सर्वमान्य मानक नाही; एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’ला मागे टाकू शकतो. पाहायची ती टोकं. ब्रश उजेडात धरून अंगठ्याने केस हलकेच फाकवावेत. चांगल्या ब्रशात कारागीर केस साच्यात उलटे बसवून घुमटाचा आकार देतो, त्यामुळे प्रत्येक केसाचं मूळचं निमुळतं टोक शाबूत राहतं. हलक्या ब्रशात झुबका बांधून वरून कातरतात; ती बोथट टोकं गालावर गोल फिरवताच टोचतात. खरा सिल्व्हरटिप मुळाशी फिकट, मधे काळसर पट्ट्याचा आणि टोकाला पांढरट असतो. पांढरेपणा एकसारखा आणि खडूसारखा असेल तर टोकं ब्लीच केल्याची शंका घ्यावी. झुबक्याचा व्यास 22 ते 24 मिलिमीटर असला की घरच्या वापराला पुरतो. भरणा दाट हवा: मुठीजवळ केस फाकवल्यावर तळाचा गोंद दिसू लागला, तर तो ब्रश लवकर गळेल.

इथलं पाणी आणि इथला पावसाळा हेही धरून चालायला हवं. ठाण्यात भातसा नदीचं आणि नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी साबणाला सोपं जातं. पण घोडबंदर रोडवर ज्या सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात, तिथे बोअरचं जड पाणी आलं की साबणाचा चुना धरल्यासारखा थर केसांच्या मुळाशी साचतो आणि बॅजरचा महागडा ब्रशही फेस करीनासा होतो. अधूनमधून थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात काही मिनिटं बुडवून तो धुवावा. जुलै-ऑगस्टमध्ये बाथरूमच्या दमटपणात नैसर्गिक केस दिवसभर ओले राहतात, त्यांना कुबट वास येतो, बुरशीही धरते. वापरल्यावर पाणी झटकून ब्रश बाथरूमबाहेर, वारा लागेल अशा खिडकीपाशी ठेवावा. उकळतं पाणी कधीच घालू नये.

या हवेचा विचार केला तर गेल्या दशकभरात सुधारलेले कृत्रिम तंतूंचे ब्रश मला ठाणेकरांसाठी अधिक योग्य वाटतात. सुरुवातीचे नायलॉनचे ब्रश काटेरी होते, पाणी धरत नव्हते. आताचे तंतू टोकाला बॅजरच्या केसासारखेच निमुळते केलेले असतात, भिजवत ठेवावे लागत नाहीत, कमी साबणात फेस देतात आणि पावसाळ्यातही झटपट सुकतात. पाणी धरण्यात आणि गालावरच्या भारदस्त स्पर्शात अस्सल बॅजर अजून थोडा पुढे आहे, हे मान्य. त्या थोड्यासाठी एक प्राणी पिंजऱ्यात ठेवावा, असं मला वाटत नाही.