कार्ड देण्याआधी आम्ही ‘अळी कोणती?’ असं का विचारतो

मित्रकीटकांसाठी फोन आला की आम्ही आधी फोटो मागतो. पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली पानं, उलगडून अळीच्या डोक्याचा एक आणि शेपटाकडचा एक. ट्रायकोकार्ड म्हणजे किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक माशीचं कार्ड. ‘मक्यावर अळी आहे, ट्रायकोकार्ड द्या’ एवढ्यावर आम्ही कार्ड देत नाही. त्याचं कारण आफ्रिकेतल्या मक्याच्या शेतात सापडतं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

आपल्या ज्वारी-मक्यावरचा ठिपक्यांचा खोडकिडा, कायलो पार्टेलस, मूळचा आशियातला. आफ्रिकेत त्याची पहिली नोंद १९३० च्या सुमारास मलावीत झाली. तो तिकडे पोचला, पण इकडे त्याला खाणाऱ्या माश्या मागेच राहिल्या. मग नैरोबीच्या ‘इसिपे’ या कीटकसंशोधन संस्थेने पाकिस्तानातून कोटेशिया फ्लॅविपेस ही मुंगीहून बारीक गांधीलमाशी आणली आणि १९९३ मध्ये केनियाच्या किनारपट्टीत सोडली. ही माशी खोडातल्या बोगद्यात शिरून अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं अळीला आतून पोखरतात आणि बाहेर पडून पांढऱ्या कोषांचा पुंजका विणतात. माशी तिथे रुजली, पसरली.

आमच्या धंद्याचा खरा धडा मात्र तिच्या तिथल्याच बहिणीचा, कोटेशिया सेसामियेचा. मोंबासाच्या किनाऱ्यावरची आणि किटालेच्या डोंगराळ भागातली माशी शेजारी ठेवा, ओळखू येणार नाहीत. पण उंचावरच्या मक्यात बुसिओला फुस्का नावाचा दुसरा खोडकिडा असतो. किटालेची माशी त्याच्या अळीत सुखाने वाढते. मोंबासाच्या माशीच्या अंड्यांना मात्र अळीच्या रक्तातल्या पेशी घेरतात आणि मारून टाकतात. फरक जनुकांत आहे. ही माशी अंड्यांसोबत एक विषाणू टोचते. तो पिढ्यानपिढ्या तिच्याच गुणसूत्रांत राहतो आणि अळीची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो. दोन्हीकडच्या माश्यांच्या या विषाणूतलं सीआरव्ही-१ हे जनुक वेगळं निघालं. जात एक, गुण वेगळा! हे समजल्यापासून ‘गांधीलमाशी ती गांधीलमाशी’ असं आम्ही कुणालाच म्हणू देत नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसली, २०१८ मध्ये कर्नाटकात, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. या किडीचे मका-वाण आणि भात-वाण असे दोन वंश मानतात, ते दिसायला सारखेच असतात. आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या बहुतेक नमुन्यांत आईकडून येणारी खूण भात-वाणाची, तर टीपीआय हे जनुक मका-वाणाचं निघतं. म्हणजे वंश मिसळलेला आहे. प्रयोगशाळेचा अहवाल ‘भात-वाण’ म्हणाला म्हणून मका उत्पादकांनी निर्धास्त राहू नये.

हिचा अंडीपुंज पानावर बोट फिरवून बघा. मळकट लोकर चिकटावी तसा लागतो, कारण मादी आपल्या अंगावरचे खवले त्यावर पसरते. आत अंडी अनेकदा थरावर थर असतात. ट्रायकोग्रामा इवलीशी, ती खालच्या थरापर्यंत सहसा पोचत नाही. टेलेनोमस रेमस ही अंडी पोखरणारी दुसरी माशी पोचते. ही माशी आफ्रिकेत कुणी मुद्दाम सोडल्याची नोंद नव्हती, तरी शोध घेतल्यावर केनिया, बेनिन, नायजर, दक्षिण आफ्रिका अशा देशांत ती आधीच काम करताना सापडली. म्हणून फोटोत डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके दिसले, तर आम्ही टेलेनोमस सुचवतो.

कार्ड संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने आतली माशी मरते. कार्ड लावण्याच्या आगेमागे रासायनिक फवारणी करायची असेल तर कार्ड घेऊच नका, पैसे वाया जातील.

आणि एक करा. मागणी देण्याआधी दोन-चार अंडीपुंज पानासकट बरणीत ठेवा, तोंडाला दाट विणीचं सुती फडकं बांधा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. अळ्या निघाल्या तर आम्हाला फोन करा. बारीक काळ्या माश्या निघाल्या तर बरणी शेतात नेऊन उघडा. तुमच्याकडे त्या आधीच आहेत, त्या खेपेला आमच्याकडून काही घेऊ नका.