साल्झबुर्गचा मोझार्ट-गोळा: ‘ओरिजिनल’ कुठला, ‘एख्त’ कुठला?

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला गेलेला पाहुणा खरेदीसाठी हमखास गेट्राइडगासे या अरुंद गल्लीत शिरतो. वर दुकानांच्या नक्षीदार लोखंडी पाट्या लटकलेल्या, खाली काचेआड लाल-सोनेरी कागदातल्या चॉकलेटच्या राशी. प्रत्येक गोळ्यावर संगीतकार मोझार्टचा चेहरा. याच गल्लीतल्या ९ नंबरच्या घरात तो १७५६ साली जन्मला.

शहराचं आणि त्याचं मात्र फारसं जमलं नाही. १७८१ मध्ये त्याने शहराचा कारभार पाहणाऱ्या आर्चबिशपची, म्हणजे बड्या धर्मगुरूची, चाकरी सोडली. निरोप घेताना दरबारातल्या काउंटने आपल्याला लाथ घातली, असं त्यानेच वडिलांना पत्रातून कळवलं. शहराचं प्रेम उतू जायला लागलं ते तो गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १८४२ मध्ये पुतळा उभा राहिला, १८६० मध्ये रेल्वे आली, १८८० मध्ये जन्मघराचं संग्रहालय झालं. प्रवासी येऊ लागले, म्हणजे त्यांना घरी न्यायला काहीतरी हवंच.

ते दिलं पाउल फ्युर्स्ट या मिठाईवाल्याने, १८९० मध्ये. पिस्ता घातलेल्या मार्झिपानची, म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याची, गोळी वळायची. तिच्यावर नूगाचा, म्हणजे सुक्या मेव्याच्या गोड लगद्याचा, थर द्यायचा. मग ती काडीला टोचून गडद चॉकलेटमध्ये बुडवायची आणि काडी उभी करून सुकू द्यायची. शेवटी काडी काढली की राहिलेलं भोक चॉकलेटने बुजवायचं. फ्युर्स्टच्या दुकानात आजही हे हातानेच चालतं. १९०५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदकही मिळालं.

पण पठ्ठ्याने नाव नोंदवलंच नाही! गोळा खपतोय म्हटल्यावर इतर मिठाईवाल्यांनी उचलला, मग कारखान्यांनी. भांडण कोर्टात गेलं आणि निकाल लागले ते विशेषणांवर. १९९६ मध्ये एका बड्या कंपनीला ‘ओरिजिनल’ शब्द वापरायला मनाई झाली. तो फ्युर्स्टकडेच राहिला. मिराबेल या कंपनीच्या लाल-सोनेरी गोळ्यांवर बरीच वर्षं ‘एख्त’, म्हणजे अस्सल, असं लिहिलेलं असायचं. सीमेपलीकडच्या जर्मनीतल्या बाड राइखेनहालचे रेबरही स्वतःला ‘एख्त’ म्हणवतात. मूळ आणि अस्सल यांत फरक काय, हे सामान्य गिऱ्हाइकाने कसं ओळखावं, देव जाणे.

खूण कागदाचीच धरावी. फ्युर्स्टचा कागद चंदेरी, त्यावर निळा मोझार्ट, आणि तो त्यांच्या स्वतःच्या दुकानांबाहेर सहसा दिसत नाही. मिराबेलचा गोळा यंत्रातून अगदी वाटोळा निघतो. रेबरचा एका बाजूला चपटा असतो, त्यामुळे टेबलावरून घरंगळत नाही.