संत्र्याच्या सालीतला उजेड

‘संत्र्याच्या सालींपासून कॅन्सरवर उपचार’ अशी बातमी फिरली, की कुणीतरी विचारतंच, ‘मग साली वाळवून पूड घ्यायची का?’ अजिबात नाही! साल औषध नाही, ती फक्त चमकणारे सूक्ष्म कार्बन कण बनवायचा स्वस्त कच्चा माल आहे.

साली पाण्यासकट टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात घट्ट बंद करून, 180 ते 200 अंश सेल्सिअसला काही तास तापवतात. (घरचा कुकर 120 अंशांच्या आसपास थांबतो.) सालीतली साखर आणि पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ) विस्कटून पुन्हा जुळतात आणि 10 नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान कण बनतात. हेच कार्बन डॉट. 2004 मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात काजळीतून नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) वेगळ्या करताना ते अनपेक्षितपणे सापडले होते.

हे तपकिरी पाणी अतिनील दिव्याखाली धरलं की निळं उजळतं. का? प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो, थोडी ऊर्जा उष्णतेत गमावतो आणि उरलेली प्रकाश म्हणून सोडत खाली येतो. कॅडमियम धातूच्या संयुगांपासून बनलेल्या अशाच चमकत्या कणांमध्ये, म्हणजे क्वांटम डॉटमध्ये, रंग मुख्यतः कणाच्या आकारावर ठरतो. इथे पृष्ठभागही बोलतो. कार्बनच्या गाभ्याला चिकटलेले कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल, अमाइन असे अणूंचे छोटे गट इलेक्ट्रॉनसाठी मधल्या पायऱ्या तयार करतात. कणाकणाच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून दिव्याचा रंग बदलला की त्याच बाटलीतून वेगळा रंग बाहेर पडतो. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. मात्र पुष्कळदा ही चमक कणांची नसतेच, सोबत तयार झालेल्या छोट्या रेणूंची असते. म्हणून डायलिसिसच्या (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या) पिशवीतून ते रेणू गाळून काढल्याशिवाय कुठलाही दावा मी मानत नाही.

अंधारात तळहातामागे टॉर्च लावून पाहा, फक्त लाल उजेड पार येतो. निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. त्यामुळे शरीराच्या आतलं चित्र हवं असेल, तर साधारण 650 ते 950 नॅनोमीटरमध्ये चमकणारे कण हवेत, आणि सालींपासून बनलेले बहुतेक डॉट निळेच निघतात. नायट्रोजन मिसळून, पृष्ठभाग बदलून त्यांना लालकडे नेणं हे खरं काम आहे.

उपचाराची कल्पना यातूनच येते. काही कण शोषलेल्या प्रकाशाची उष्णता करून गाठीच्या पेशी भाजतात, तर काही जवळच्या ऑक्सिजनला ऊर्जा देऊन त्याचं पेशी मारणारं रूप तयार करतात. प्रकाश पडेल तिथेच परिणाम!

पण औषधाची प्रत्येक खेप हुबेहूब सारखी लागते. आणि संत्र्याच्या दोन हंगामांतली, मृग बहाराची आणि आंबिया बहाराची, साल सारखी नसते.