परीक्षकांचा पहिला, वाचकांचा पहिला

शतशब्दकथांच्या स्पर्धेचा निकाल लागतो, अभिनंदनाचा पाऊस सुरू होतो आणि त्यातच कुणीतरी विचारतं, "पण मतं तर त्या दुसऱ्या कथेला जास्त होती ना?" विचारणाऱ्याचं चुकलेलं नसतं. परीक्षकांची निवड आणि वाचकांचा कौल या दोन गोष्टी एकाच 'विजेता' या शब्दाखाली ढकलल्या की हा घोळ होणारच.

फरक आवडीनिवडीपेक्षा वाचण्याच्या पद्धतीत जास्त आहे. समजा, एका कथेत शेवटच्या ओळीत कळतं की इतका वेळ बोलणारा 'मी' म्हणजे घरातला कुत्रा. वाचक ती एकदाच वाचतो, दचकतो, हसतो, मत देऊन पुढे जातो. परीक्षक तीच कथा दुसऱ्यांदा वाचतो, तेव्हा कुत्रा आधीच ठाऊक असतो आणि उरलेल्या नव्वद शब्दांत काही शिल्लक आहे का, एवढंच बघायचं असतं. शिवाय त्याच गठ्ठ्यात बोलणारी मांजर आणि बोलणारं कपाटही येऊन गेलेलं असतं! दुसऱ्या कथेत एक बाई वारलेल्या नवऱ्याच्या मोबाइलचं रिचार्ज दर महिन्याला करत राहते. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. घाईत वाचणाऱ्याच्या हाताला ही कथा लागत नाही. दुसऱ्या वाचनात मात्र ती वाढते. परीक्षकाकडे नाव झाकलेली प्रत असेल तर लेखकाची ओळखही मध्ये येत नाही. वाचकांसमोर बहुतेक वेळा नाव असतं, आधी आलेल्या कथेला जास्त दिवस मिळतात आणि मित्रमंडळींना आग्रहाचे निरोपही गेलेले असतात.

म्हणून वाचकांचा कौल कमअस्सल ठरत नाही. तो कसा मोजला, हे मात्र बघावं लागतं. नऊ वाचक आहेत असं धरा. चौघांनी कुत्र्याला पहिली पसंती दिली, तिघांनी रिचार्जला, दोघांनी आणखी एका कथेला. नुसती पहिली पसंती मोजली तर कुत्रा जिंकला. आता सर्वांत मागे पडलेली कथा बाद करून तिच्या दोन वाचकांची दुसरी पसंती बघितली आणि ती रिचार्ज निघाली, तर निकाल पाच विरुद्ध चार असा उलटतो. वाचक तेच आणि त्यांची आवडही तीच असते, मोजणी फक्त बदलते. विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार १९५३ साली सुरू झाला. तो जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य मतदानाने देतात आणि अंतिम फेरीत पसंतीक्रमाची हीच रीत वापरतात. त्याच्या शेजारचा नेब्युला पुरस्कार लेखकांची संघटना देते. म्हणजे तिथेही मतदानच, पण मतदार धंद्यातले. दोन्हीकडे लघुकथा म्हणजे साडेसात हजार शब्दांच्या आतली, आणि दोन्ही पुरस्कार एकाच कथेला मिळतातच असं नाही. त्याबद्दल कुणी आयोजकांचा गळा धरत नाही, कारण पुरस्कारांची नावंच वेगळी आहेत.

खरी गडबड होते ती 'परीक्षक ५० टक्के, वाचक ५० टक्के' या तडजोडीत. दिसायला न्याय्य. पण परीक्षक गुण जपून देतात, सगळ्या कथा ६२ ते ७४ मध्ये बसतात. मतांचं तसं नसतं. सर्वाधिक मतांना १०० गुण धरले, तर एखाद्या कथेला जेमतेम २० मिळतात. परीक्षकांच्या बाजूला फरक १२ गुणांचा, मतांच्या बाजूला ८०. बेरीज केली की परीक्षकांचं मत जवळजवळ वाहून जातं, आणि कागदावर मात्र निम्मं-निम्मं! एकत्र करायचंच असेल तर गुणांऐवजी दोन्हीकडचे क्रमांक घ्यावेत. माझ्या मते तर एकत्र करूच नये. दोन निकाल वेगळे लावा आणि निकालपत्रात 'परीक्षकांच्या निवडीने प्रथम' आणि 'वाचकांच्या मतांनी प्रथम' असं पूर्ण लिहा. उत्तेजनार्थ बक्षीसही कुणाच्या बाजूने, तेही लिहा. विजेत्यानेही परिचयात तसंच सांगावं. त्यात कमीपणा काही नाही.

पुरस्कार न देण्याचा अर्थसुद्धा दोन बाजूंना सारखा नसतो. २०१२ साली अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्काराच्या कथा-कादंबरी विभागात निवड समितीने तीन पुस्तकं सुचवली होती, पण अंतिम निर्णय घेणाऱ्या मंडळात एकाही पुस्तकाला बहुमत मिळालं नाही आणि त्या वर्षी पुरस्कार दिलाच गेला नाही. ह्यूगोच्या मतपत्रिकेवर 'कोणालाही नको' असा पर्याय कायमच असतो. २०१५ मध्ये काही गटांनी ठरवून याद्या फिरवल्या आणि नामांकनं त्या यादीतल्या नावांनी भरून गेली, तेव्हा मतदारांनी पाच विभागांत हाच पर्याय निवडला. त्यात लघुकथेचा विभागही होता. पुलित्झरचं मंडळ एका नावावर येऊ शकलं नव्हतं. ह्यूगोचे मतदार मात्र नकारावर एकत्र आले होते.