धुरावरून ओळखलेलं गाव : निकोडेमसची पार्श्वभूमी

१८७८ सालच्या वसंतात विलियाना हिकमन ही बाई अमेरिकेच्या केंटकी राज्यातून नवरा आणि सहा मुलांसह निघाली आणि कॅन्ससच्या माळरानावर आली. रेल्वेने एलिस या गावापर्यंत यायचं, तिथून पुढे पन्नासएक किलोमीटर गाडीने नाहीतर पायी. एलिसला तंबू ठोकून दोन आठवडे मुक्काम पडला. त्यात गोवर पसरला आणि बरोबरच्या कुटुंबांतली काही मुलं दगावली. मग भाड्याच्या गाड्यांतून दोन दिवसांची वाटचाल. पुढचे पुरुष "निकोडेमस आलं!" म्हणून ओरडू लागले, तेव्हा तिने चारी दिशांना नजर टाकली. ना झाड, ना घर. "कुठंय निकोडेमस? मला तर काहीच दिसत नाही," असं तिने नवऱ्याला विचारलं. त्याने जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तेच निकोडेमस." माणसं जमिनीच्या पोटात घर करून राहत होती. ते पाहून आपल्याला रडू कोसळलं, असं तिने पुढे म्हातारपणी सांगून ठेवलं आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावांपैकी आजवर टिकून राहिलेलं सगळ्यांत जुनं गाव म्हणून निकोडेमसचं नाव घेतलं जातं. हिकमन कुटुंबासारखी माणसं इतक्या दूर, इतक्या उघड्यावर का आली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ते याच मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. दास्य संपलं, पण जमिनीचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. १८६५च्या जानेवारीत केंद्राच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी दक्षिणेच्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर वाटण्याचा हुकूम काढला. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी तो फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ती माती कसली, ते तिथेच वाट्याने आणि मजुरीने राबत राहिले. मळ्याच्या मालकाकडून उसनवारी घ्यायची आणि सुगीला हिशेब केला की देणंच निघायचं. हा प्रकार मराठी शेतकऱ्याला निराळा समजावून सांगायला नको. त्यात १८७७ साली दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि मारझोडीपासून जे थोडंफार संरक्षण होतं तेही गेलं.

दुसरीकडे १८६२ सालचा होमस्टेड कायदा होता. जमिनीवर पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, शेत कसायचं; शुल्क सगळं मिळून अठरा डॉलर. मग १६० एकर जमीन कायमची नावावर. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळाल्यावर हा हक्क त्यांनाही लागू झाला. फक्त ही जमीन पश्चिमेला होती, त्यांच्या गावांपासून हजार किलोमीटरहून दूर. शिवाय ती मुळात रिकामी नव्हतीच. तिथे शिकार करून राहणाऱ्या मूळच्या जमातींना हुसकावूनच ती 'सरकारी' झाली होती. या गावाची गोष्ट सांगताना एवढं विसरून चालणार नाही.

कॅन्ससचंच नाव का, याला कारण होतं. युद्धाच्या आधी याच भूमीवर गुलामगिरीच्या बाजूचे आणि विरोधातले लोक एकमेकांशी रक्तपात होईपर्यंत झगडले होते, आणि अखेर ते गुलामगिरीला बंदी असलेलं राज्य म्हणून संघात आलं. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारे जॉन ब्राऊन तिथे लढले होते. दक्षिणेतल्या माणसाच्या मनात कॅन्ससला जवळजवळ पुण्यभूमीचं स्थान होतं.

१८७७च्या एप्रिलमध्ये गाव वसवण्यासाठी निकोडेमस टाऊन कंपनी उभी राहिली. सात जणांपैकी सहा कृष्णवर्णीय होते. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ हे त्यांतलेच. सातवा डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल. कंपनीची माणसं आणि पत्रकं केंटकीतल्या चर्चमधून फिरली. काळी कसदार माती, भरपूर शिकार, माणसाळवायला रानटी घोडे, असं चित्र रंगवलं गेलं. सायमन राउंडट्री हे धर्मोपदेशक जूनमध्ये पहिले आले. जुलैत झॅकरी फ्लेचर आणि त्यांची बायको जेनी हे जोडपं आलं. सप्टेंबरात केंटकीच्या लेक्सिंग्टन भागातून तीनशेच्या आसपास माणसं एकदम येऊन थडकली. समोरचा उघडा माळ पाहून लोक इतके संतापले की बरीच कुटुंबं आल्या पावली परत फिरली. हिलवरचा राग तर फार दिवस धुमसत राहिला. (शेजारचं हिल सिटी हे गाव त्याच्याच नावाचं. पुढे तेच जिल्ह्याचं मुख्य ठिकाण झालं.)

सातबारा नावावर झाला म्हणजे शेती उभी राहत नाही, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. नांगर लागतो, जनावर लागतं, बियाणं लागतं, आणि पहिलं पीक हाती येईपर्यंत घरात दाणा लागतो. होमस्टेड कायद्याने यातलं काहीच दिलं नव्हतं. निकोडेमसच्या पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली मला इथेच दिसते. ज्याच्या गाठीशी चार पैसे होते त्या माणसासाठी हा कायदा फार मोठी संधी होता. गुलामीतून बाहेर पडून बारा वर्षं झालेल्या माणसापाशी दोन हात तेवढे होते.

सप्टेंबरात पेरणीचा हंगाम उलटलेला, घर बांधायला लाकूड नाही. लोकांनी सोलोमन नदीच्या काठावरच्या उतारात घरं खणली. तीन बाजूंना जमीनच, दर्शनी बाजूला गवताच्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीची ढेकळं विटांसारखी कापून रचायची, वर फांद्या, गवत आणि पुन्हा माती. पाऊस आला की छतातून चिखल ठिबकायचा. सरपण म्हणून सूर्यफुलाचे वाळके दांडे आणि नदीकाठचं वाळुंज. विलियानाला जो धूर दिसला तो याच चुलींचा. पुरुष शेकडो किलोमीटर चालत मजुरीला गेले. माळावर रानगव्यांची हाडं पडली होती, ती वेचून विकायची, असेही दिवस काढले.

त्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळच्या जमातीच्या लोकांनी या वस्तीला मांस दिलं, ही आठवण गावाने जपली आहे. ओसेजांना त्याआधी काहीच वर्षं कॅन्ससमधून बाहेर घालवलं होतं. ज्यांची भूमी गेली त्यांनी, ज्यांना भूमी कधी मिळालीच नव्हती त्यांना जगवलं. या गावाच्या इतिहासात मला सगळ्यांत हलवून सोडणारी गोष्ट हीच आहे.

वसंतात जमीन फोडायची वेळ आली तेव्हा बैल-घोडे फारच थोड्यांकडे होते. बाकीच्यांनी कुदळ-फावड्याने कोरा माळ फोडला. कधीच न नांगरलेली ती जमीन, हातभर खोल मुळं गेलेली. दिवसभर खपून अंथरुणाएवढा तुकडा मोकळा व्हायचा. त्यातच जेनी फ्लेचर यांनी आपल्या भुयारघरात मुलांना अक्षरं शिकवायला सुरुवात केली. केंटकीत यांच्या आईबापांना वाचायला शिकणं दुरापास्त होतं, हे ध्यानात घेतलं की त्या मातीच्या खोलीची किंमत कळते.

मग दहा वर्षांत गाव खरोखरच जमिनीवर आलं. दगडी आणि लाकडी घरं, तीन किराणा-मालाची दुकानं, चर्च, हॉटेलं, बँक, साहित्यमंडळ, बेसबॉलचा संघ आणि आइस्क्रीमचं दुकानसुद्धा. १८८६ साली 'वेस्टर्न सायक्लोन' आणि १८८७ साली 'निकोडेमस एंटरप्राइज' अशी दोन वर्तमानपत्रं निघाली. १८७८ साली शिकागोहून आलेले एडवर्ड मॅकेब निकोडेमसच्या ग्रॅहम जिल्ह्याचे पहिले क्लार्क, म्हणजे दप्तराचे अधिकारी, झाले आणि १८८२ साली कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. संपूर्ण राज्यातून निवडून येणारे ते तिथले पहिले कृष्णवर्णीय. १८८४ साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं.

आता गावाला हवी होती रेल्वे. माळावरचा गहू बाजारात न्यायचा तर रूळ पाहिजेत, आणि रूळ कुठून जाणार यावर गावं जगत किंवा मरत. १८८७ साली निकोडेमसच्या मतदारांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीला ओढून आणण्यासाठी १६ हजार डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी बिळात राहणाऱ्या माणसांनी! पण ती लाइन आलीच नाही. १८८८ साली युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, काही मैल अंतरावरून. तिथे बोग हे नवं गाव उभं राहिलं आणि निकोडेमसचे व्यापारी दुकानं उचलून, काहींनी तर इमारतीच उचलून, तिकडे गेले. वर्तमानपत्रं बंद पडली.

शेतकरी मात्र राहिले. हा मुलूख शंभराव्या रेखांशाला लागून आहे. वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, म्हणजे आपल्या माणदेशासारखाच, आणि तोही लहरी. अशा ठिकाणी १६० एकर ऐकायला भरपूर वाटते, पण कोरडवाहूवर घर चालवायला अपुरी पडते. १९२९ची मंदी आणि पाठोपाठ १९३०च्या दशकातली धुळीची वादळं यांनी उरलेल्यांचं कंबरडं मोडलं. १९३५ साली गावात ७६ माणसं राहिली होती, १९५० साली १६. १९५३ साली टपाल कार्यालय बंद झालं.

तरीही एक गोष्ट थांबली नाही. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या वेस्ट इंडीजमध्ये १ ऑगस्ट १८३४ रोजी दास्यमुक्तीचा कायदा लागू झाला, त्या दिवसाची आठवण म्हणून निकोडेमसचे लोक अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून मुक्तिदिन साजरा करत आले. डेन्व्हर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी पांगलेली कुटुंबं त्या निमित्ताने गावी येऊ लागली आणि त्याचं 'होमकमिंग' झालं. आजही जुलैच्या अखेरीस मोजक्या वस्तीच्या या गावात शेकडो वंशज जमतात.

वंशजांच्या खटपटीमुळे १९९६च्या नोव्हेंबरात निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं. पाच वास्तू जपल्या आहेत : दोन चर्च, टाऊनशिप हॉल, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि १९१८ साली बांधलेली शाळा. हॉटेलची इमारत फ्लेचर दांपत्याची. टपालही तिथेच यायचं. शाळेच्या इमारतीच्या आधी चाळीसेक वर्षं गावातला पहिला वर्ग भरला होता तो त्याच घरच्या जेनीबाईंच्या भुयारात.